स्टॅबिलायझरवाल्याला फोन करण्याआधी लाइन मोजून घ्या (तपासणी सेवा, अंबड)

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक्सलो पॉइंटच्या पुढे माझं जॉबवर्कचं शेड आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), कॉम्प्रेसर, बाकी किरकोळ. व्हीएमसीचा ड्राइव्ह, म्हणजे तिच्या मोटरी चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, चालू कामात अंडरव्होल्टेजचा अलार्म देऊन बंद पडायचा. टूल तुटतं, पीस भंगारात जातो. येईल तो "सर्व्हो स्टॅबिलायझर टाका शेठ" एवढंच सांगून जायचा. मी त्याऐवजी वीजपुरवठा मोजून देणारा इथलाच एक माणूस बोलावला. हा रिव्ह्यू त्याच्या कामाचा.

मेन पॅनेलवर त्याने तिन्ही फेजना करंट मोजणारे क्लॅम्प लावले आणि चौथा न्यूट्रलला. व्होल्टेज-करंटची सतत नोंद करणारा अ‍ॅनालायझर आठवडाभर तसाच ठेवला.

ग्राफवर व्होल्टेज एरवी सरळ, 230च्या आसपास. साध्या मल्टिमीटरवर एवढंच दिसतं. पण मधूनमधून खोल खड्डे होते आणि त्यातले बहुतेक आमचाच कॉम्प्रेसर सुरू होताना पडलेले. तो डायरेक्ट स्टार्टरवर, पूर्ण व्होल्टेज एकदम देणाऱ्या, म्हणजे मोटर उचलताना नेहमीच्या सहा-सातपट करंट ओढणार, वर आमची केबल लांब. खड्डा जेमतेम पाव-अर्ध्या सेकंदाचा. ड्राइव्हला तेवढा पुरतो. सर्व्हो स्टॅबिलायझर मोटरने ब्रश सरकवून व्होल्टेज सावरतो, पण ती मोटर ब्रश फिरवेपर्यंत खड्डा भरूनही आलेला असतो. हे ऐकून मी स्टॅबिलायझरचं कोटेशन बाजूला ठेवलं. काही खड्डे कॉम्प्रेसर बंद असतानाचेही निघाले. ते फीडरवरून, म्हणजे सबस्टेशनकडून येणाऱ्या लाइनवरून आलेले, कुठे तारेला फांदी लागली की येतात. त्यावर आपल्या हातात काही नाही.

न्यूट्रलचं प्रकरण मात्र माझ्या डोक्यातही नव्हतं. शेडचे एलईडी, ऑफिसचे कॉम्प्युटर, यूपीएस या सगळ्यांतून 150 हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे लाइनच्या 50 हर्ट्झच्या तिप्पट वेगाचा करंट निघतो. तिन्ही फेजचा तो करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाही, उलट त्याची बेरीज होते. आमच्या न्यूट्रलचा करंट जवळजवळ फेजइतका भरला. थर्मल कॅमेऱ्यात न्यूट्रलचा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) पांढराफटक, म्हणजे खूप तापलेला दिसला. मेन बंद करून खोलला तर लग काळा पडलेला, स्लीव्ह तपकिरी होऊन कडक झालेली, आणि लगच्या दाबलेल्या भागातली (क्रिंपमधली) वायर बोटाने गोल फिरत होती. हा न्यूट्रल सुटला असता तर कमी लोडच्या फेजवर 230ऐवजी 400च्या जवळ व्होल्टेज चढलं असतं. ऑफिसातल्या ट्यूबा सारख्या का उडायच्या, तेही तेव्हाच कळलं.

लग बदलला, कॉम्प्रेसरला मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला. आता वादळवाऱ्याच्या दिवशी एखादा अलार्म येतो, एरवी नाही. खर्च स्टॅबिलायझरच्या निम्म्याहूनही कमी आला.

तक्रारी आहेतच. रिपोर्ट जाडजूड आणि सगळा इंग्रजीत. आमच्या फोरमनला त्यातलं शेवटचं पान तेवढं कामाचं. अर्थिंगची मोजणी यात धरलेली नाही, तिचे पैसे वेगळे, आणि हे बिल हातात पडल्यावर कळतं. आधीच विचारून घ्या. माणूस पण सांगितलेल्या वेळेला येत नाही. तरी पाचात चार.

फ्लॅटवाल्यांनी यात पडू नये. दिवे कमी-जास्त होत असतील तर वायरमनकडून आधी मीटरपासूनचे न्यूट्रलचे जोड आवळून घ्या.