मैदानाबाहेरचा ‘डिटॉक्स’ ज्यूस: आधी दुधी चाखा

लातुरात सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी लागणारा ज्यूसचा गाडा. दुधी, आवळा, पुदिना, आलं. 200 मिली, 30 रुपये. चव झकास, मिक्सर धुतलेला, बर्फ नाही.

खटकतं ते वेगळंच. दुधी न चाखताच मिक्सरमध्ये जातो. कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन हे विषारी द्रव्य असतं; त्याच्या रसाने उलट्या, रक्ताचे जुलाब, क्वचित जीवही जातो. आल्या-आवळ्यात तो कडूपणा झाकला जातो. म्हणून देठाकडची पातळ चकती कापून जिभेला लावायची, कडू लागली तर अख्खा दुधी फेकायचा. गाडेवाल्याला सांगितलं तर तो चकती देतो, कुरकुरत का होईना.

दुसरं, गाळून चोथा टाकतात. म्हणजे तंतू गेले कचऱ्यात! 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू असतात, त्यापेक्षा दोन भाकरी न् अंबाडीची भाजी बरी.

पाटीवर लिहिलंय ‘किडनी साफ’. किडन्या रोज सुमारे 180 लिटर द्रव आपणहून गाळतात. त्यांना हवं पुरेसं पाणी न् बेताचं मीठ. इथे मात्र काळं मीठ न विचारता चमचाभर पडतं. ब्लडप्रेशरवाल्यांनी ‘बिनमिठाचा’ म्हणून आधीच सांगावं. बीटचा ग्लास मुतखडेवाल्यांनी टाळावा, त्यात मुतखड्याला हातभार लावणारं ऑक्झलेट भरपूर.

पाचपैकी तीन.