सिएना की ओर्व्हिएतो? हाताशी एकच दिवस असेल तर

रोम पाहून झालं, पुढे फ्लॉरेन्स आहे आणि मध्ये एक दिवस मोकळा आहे. अशा वेळी ही दोन नावं हमखास समोर येतात. दोन्ही जुनी गावं उंचावर वसलेली, दोन्हीकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कॅथेड्रल. फोटोत गल्लत व्हावी इतकं साम्य. त्याला कारणही आहे: ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलची दर्शनी भिंत ज्याच्या हाताखाली उभी राहिली, तो लोरेंझो माइतानी मूळचा सिएनाचा.

तरी गावांचा स्वभाव अगदी वेगळा. सिएना हे एकेकाळचं स्वतंत्र प्रजासत्ताक, फ्लॉरेन्सशी उभा दावा मांडलेलं. १२६०मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईत त्यांनी फ्लॉरेन्सला धूळ चारली. ती गोष्ट तिथे आजही अभिमानाने सांगतात. १२८७ ते १३५५ या काळात नऊ जणांचं मंडळ शहराचा कारभार पाहत असे. त्यांच्याच काळात कांपो हा मुख्य चौक फरसबंद झाला. शिंपल्यासारखा उतरता, आणि विटांचे भाग मोजाल तर बरोबर नऊ.

चौकातल्या नगरभवनात आम्ब्रोजो लोरेंझेत्तीने १३३८-३९मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत: चांगला कारभार, वाईट कारभार आणि त्यांचे परिणाम. देवादिकांच्या चित्रांनी भरलेल्या त्या काळात इथे चक्क गवंडी काम करताहेत, दुकानं उघडी आहेत, गुरुजी शिकवताहेत, वेशीबाहेर शेतकरी डुक्कर हाकत गावाकडे येतोय. वेशीवर तरंगणाऱ्या सुरक्षेच्या देवतेच्या हातात मात्र फाशी दिलेला माणूस! माझ्या मते या एका दालनासाठीसुद्धा सिएनाला जावं.

मग १३४८ची प्लेगची साथ आली. लोरेंझेत्तीही बहुधा तिच्यातच गेला. त्याआधी १३३९मध्ये सिएनाकरांनी कॅथेड्रल इतकं वाढवायला घेतलं होतं, की असलेली इमारत नव्या कॅथेड्रलची केवळ आडवी बाजू ठरावी. ते काम अर्धवटच राहिलं. छत नसलेली ती प्रचंड भिंत अजून उभी आहे आणि तिच्यावर चढताही येतं. शेजारच्या संग्रहालयात दुच्चो या चित्रकाराची ‘माएस्ता’ आहे, म्हणजे सिंहासनावर बसलेल्या मेरीचं भलंमोठं वेदीचित्र. १३११मध्ये ती गावातून मिरवत कॅथेड्रलमध्ये आणली होती. १७७१मध्ये तिचे तुकडे केले गेले आणि त्यातले काही परदेशी गेले. कॅथेड्रलची संगमरवरी चित्रजमीन पाहायची असेल तर तारखा आधी तपासा. वर्षातला बराच काळ तिचा मोठा भाग झाकलेला असतो.

ओर्व्हिएतोत बघायच्या गोष्टी कमी, पण त्या थेट अंगावर येतात. ज्वालामुखीच्या मऊ दगडाचा सरळसोट कडा आणि वर गाव. १२९०मध्ये पायाभरणी झालेल्या कॅथेड्रलच्या दर्शनी खांबांवर सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची उठावशिल्पं आहेत. ती बाहेरच असल्याने तिकीटही लागत नाही. आतल्या सान ब्रित्सिओ चॅपेलमधल्या भित्तिचित्रांचं काम फ्रा आंजेलिकोने १४४७मध्ये सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. लूका सिन्योरेल्लीने १४९९नंतर ते पुरं केलं. ख्रिस्तासारखा दिसणारा तोतया प्रवचन देतोय, मागून सैतान त्याच्या कानात कुजबुजतोय, आणि कोपऱ्यात काळ्या कपड्यात स्वतः सिन्योरेल्ली फ्रा आंजेलिकोला शेजारी घेऊन उभा!

उंचावरच्या गावांना पाण्याची ओढ असायचीच. सिएनाने त्यासाठी जमिनीखालून सुमारे २५ किलोमीटर बोगदे खोदून चौकापर्यंत पाणी आणलं. ओर्व्हिएतोची तऱ्हा निराळी. १५२७मध्ये रोम लुटलं गेल्यावर सातवे क्लेमंट पोप इथे आश्रयाला आले. वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्यांनी वास्तुविशारद आंतोनिओ दा सांगाल्लोकडून विहीर खोदवून घेतली. खोली ५३ मीटरच्या आसपास. आत दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले, प्रत्येकी २४८ पायऱ्या. उतरणारी आणि पाणी घेऊन चढणारी खेचरं समोरासमोर येऊच नयेत! गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच डोकावा.

आता व्यवहाराचं. ओर्व्हिएतो रोम-फ्लॉरेन्सच्या जुन्या रेल्वेमार्गावरच आहे. स्टेशनासमोरून फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) वर नेते आणि ती विहीर वरच्या स्थानकाला लागूनच आहे. पाच-सहा तासांत गाव नीट पाहून होतं. सिएनाला रोमहून रेल्वेने जायचं तर सहसा किउसीला गाडी बदलावी लागते, आणि स्टेशन गावाच्या खाली. फ्लॉरेन्सहून बस जास्त सोयीची. शिवाय सिएना दिवसाउजेडी धावतपळत पाहण्यात मजा नाही. दिवसाची गर्दी पांगल्यावर कांपोच्या उतारावर फतकल मारून बसायला हवं. २ जुलै आणि १६ ऑगस्टला तिथे पालिओ ही घोड्यांची शर्यत असते. तिचं वेड नसेल तर त्या तारखांच्या आसपास चित्रं पाहायला जाऊ नका.

म्हणून एकच दिवस असेल तर मी ओर्व्हिएतो म्हणेन, सिएना कितीही मोठं असलं तरी. मुक्कामाची एक रात्र काढता आली तर मात्र बेधडक सिएना. दोन रात्री असतील तर प्रश्नच मिटला: सकाळी ओर्व्हिएतो, संध्याकाळी किउसीला गाडी बदलून सिएना.