सिलिकॉनची अँबू बॅग: घ्यावी का?

अँबू बॅग म्हणजे श्वास थांबलेल्या किंवा अपुरा पडणाऱ्या पेशंटला मास्कमधून हवा देण्यासाठी हाताने दाबायची पिशवी. अँबू हे खरं तर कंपनीचं नाव. तिने १९५६ साली आपोआप फुगणारी बॅग आणली आणि नाव वस्तूलाच चिकटलं. इथे परीक्षण आहे ते धुऊन पुन्हा वापरायच्या सिलिकॉनच्या, मोठ्यांसाठीच्या, साधारण दीड लिटरच्या बॅगेचं.

हाताला ही एकदम छान. दाबून सोडली की लगेच फुगते. थंडीत एकदाच वापरायची पीव्हीसीची बॅग कडक होते, ही होत नाही. तोटा एवढाच, की सिलिकॉनला धूळ फार चिकटते.

पण हीच सहज दाबली जाणारी बॅग नवख्याला फसवते. पेशंटला लागते ५०० ते ६०० मिली हवा, म्हणजे छाती जरा वर आलेली दिसेल इतकीच. बॅग पूर्ण पिळली तर जास्तीची हवा पोटात जाते, उलटी होते आणि उलटी व्हॉल्वमध्ये अडकते. एका सेकंदात दाबा, सोडा. नाडी चालू असेल तर दर सहा सेकंदांनी एक श्वास. घाईत हा वेग हमखास दुप्पट होतो, म्हणून मोठ्याने मोजा.

मास्क पारदर्शकच घ्या, ओठांचा रंग आणि आतली उलटी दिसली पाहिजे. कड मऊ पडली असेल तर सिरिंजने हवा भरा. दाढी असेल किंवा गाल बसलेले असतील, तर एका हाताने मास्क धरणं विसरा. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरून जबडा वर ओढायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची. घट्ट बसलेली कवळी काढू नका, तिच्यामुळेच गाल भरलेले राहतात. ऑक्सिजन मिनिटाला १५ लिटर ठेवा आणि रिझर्व्हॉयर (बॅगेमागची ऑक्सिजन साठवणारी पिशवी) फुगलेला आहे ना, ते बघा. ऑक्सिजनची नळी सुटली तरी बॅग पहिल्यासारखीच फुगत राहते, पण पेशंटला मिळते ती खोलीतली २१ टक्क्यांची हवा.

प्रेशर लिमिट व्हॉल्व (दाब फार वाढला की हवा बाहेर सोडणारी झडप) असलेल्या मॉडेलवर फुस्स आवाज आला की श्वास आत न जाता बाहेर जातोय. दम्याच्या पेशंटमध्ये हे होतं. हा व्हॉल्व बंद करायची क्लिप कुठे आहे ते आधीच पाहून ठेवा.

खरी कटकट धुतल्यानंतरची. सगळे भाग सुटे करावे लागतात आणि जोडताना बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप राहून जाते किंवा उलटी बसते. उलटी बसली तर हवा पुढे जातच नाही. राहून गेली तर पेशंटने सोडलेला श्वास बॅगेत परत येतो. म्हणून दर शिफ्टला ही तपासणी करा: क्लिप बंद, पेशंटकडचं तोंड तळहाताने दाबून बॅग पिळा. ती टणक राहिली पाहिजे, पिचकली तर कुठेतरी गळती आहे. मग तोंड मोकळं करून दोन-तीनदा दाबा, झडप दर वेळी उघडताना दिसली पाहिजे.

धुण्या-जोडण्याचं काम एका ठरलेल्या माणसाकडे असेल तर बेशक घ्या. नसेल तर एकदाच वापरायची बॅग बरी, निदान ती जोडलेली येते. प्रशिक्षणाच्या पुतळ्यासाठी मात्र सिलिकॉनचीच.