१२०० रुपये भरून दरड बघितली

रेल्वेच्या इंजिनियरिंग खात्यात माझी ३१ वर्षं गेली, त्यातले निम्मे पावसाळे कटिंगमध्ये, म्हणजे रुळांसाठी डोंगर फोडून काढलेल्या वाटेत. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली : ‘बंद पडलेल्या रेल्वे कटिंगचं भूवैज्ञानिक मूल्यमापन, एक दिवसाची कार्यशाळा, १२०० रुपये, नाश्ता-जेवणासह.’ ही म्हणाली, "जन्मभर दगडच बघितलेत ना? आता पैसे भरून बघायचेत?" तरी गेलो. उत्सुकता एवढीच होती, की या लोकांना कटिंगमध्ये असं दिसतं तरी काय.

आधी कुरकुर उरकून घेतो. ठाण्यात हॉलवर साडेआठला बोलावलं, सुरुवात झाली सव्वानऊला. अकरापर्यंत पडद्यावर चित्रं. नाश्त्याचा वडा गार, पाव त्याहून गार. माणसं २८ आणि भिंगं ४. वाटेत बायकांसाठी कुठे थांबायचं याचा विचारच केलेला नव्हता, त्यावरून टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बरंच ऐकवून झालं आणि ते रास्त होतं.

एका गोष्टीचं मात्र कौतुक. परवानगीचं पत्र आहे का, हे मी उतरायच्या आधीच विचारलं. रूळ उचलले म्हणून जमीन बेवारस होत नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, विनापरवाना हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यांनी फाइल उघडून पत्र दाखवलं, सही-शिक्क्यासकट. मग मी गप्प बसलो.

कटिंग नेमकी कुठे ते लिहीत नाही. कळव्याच्या पुढे, पारसिकच्या डोंगराच्या अंगाला, एवढं पुरे. पत्ता दिला तर पुढच्या रविवारी लोक हातोडे घेऊन हजर होतील. जुन्या सायडिंगसाठी, म्हणजे मुख्य लाइनीच्या बाजूच्या रुळासाठी, डोंगर फोडलेला, जेमतेम दीड पुरुष उंच. एका तोंडाला डेब्रिजचे ट्रक रिकामे झालेले. फुटक्या कमोडचा तुकडा उन्हात असा चमकत होता, की आमच्यातले एक गृहस्थ ‘गारगोटी, गारगोटी’ करत तिकडे धावले.

शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, नातीच्या वयाच्या म्हटलं तरी चालेल. त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती भिंग धरायची. मी भिंग दगडाजवळ नेऊन लांबून डोळे बारीक करत होतो. त्या म्हणाल्या, "काका, भिंग डोळ्याला चिकटवा आणि दगड भिंगाजवळ आणा." काळ्या कातळात एकदम बारीक चकचकीत काड्या दिसायला लागल्या. याच दगडाच्या खडीवर आयुष्यभर चाललो, पण काड्या कधी दिसल्या नव्हत्या. जवळच पांढऱ्या भरलेल्या पोकळ्या होत्या. लाव्हातले वायूचे बुडबुडे, त्यात मागाहून खनिजं साचलेली. त्यांनी सौम्य आम्लाचा थेंब टाकला, एक पांढरा डाग फसफसला, शेजारचा ढिम्म. फसफसला तो कॅल्साइट, दुसरा झिओलाइट. बोरघाटाच्या कामात असेच पण मोठे स्फटिक निघाले आणि विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले, हेही तिथेच कळलं.

पुढे कातळात उभी काळी भिंत घुसलेली होती, दोन पावलं रुंद. मॅडम म्हणाल्या डाइक. भेगेतून वर चढलेला लाव्हा तिथेच थिजला. कडेला दाणा बारीक, कारण थंड कातळाला लागून तो भाग लवकर गोठला. आणि थिजताना तडकून झालेले त्यातले खांब उभे नव्हते, आडवे होते, सरपणाची मोळी रचावी तसे. हे बघायला मी पुन्हा १२०० भरीन.

पण दिवस वसूल झाला तो त्या तांबड्या पट्ट्याने. दोन काळ्या थरांच्या मधे वीतभर जाडीची लाल माती. मी बघताक्षणी दोन पावलं मागे सरलो, सवयीने. आमच्या भाषेत हा पट्टा म्हणजे वैरी. पावसाचं पाणी वरच्या कातळाच्या भेगांतून उतरतं, या मातीवर येऊन अडतं, माती फुगते, वाहून जाते आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. मग एखाद्या रात्री तो रुळावर. असा पट्टा दिसला की पेट्रोलमनला, म्हणजे रुळांवर गस्त घालणाऱ्याला, ताकीद द्यायची, पहारी घेऊन सुटे दगड पाडायचे, जाळी मारायची. कटिंगची किंमत आम्ही एकाच मापाने करायचो, ती किती कमी कोसळते.

मॅडमनी त्याच मातीचा खडा उचलला, जिभेला लावला आणि तो चिकटला. म्हणाल्या, "चिकणमाती आहे." मग समजावलं : साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एक लाव्हा आला, थिजला, त्याचा वरचा भाग हवेपाण्याने कुजून माती झाली, मग पुढचा लाव्हा त्यावर पसरला. म्हणजे मधे ज्वालामुखी थांबला होता, त्या विश्रांतीची ही पावती. कटिंगला गुण द्यायचा एक तक्ता त्यांनी आम्हाला दिला होता, त्यात सगळ्यात जास्त गुण या पट्ट्याला. मी म्हटलं, "मॅडम, या पावतीपायी आम्ही रात्री जागवल्यात." त्या हसल्या, पण माझं वाक्य वहीत लिहून घेतलं. नंतर उतारमापक ठेवला तर सगळेच थर पश्चिमेला, खाडीकडे कललेले. याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात, कोकणच्या या पट्ट्यात जमीनच समुद्राकडे वाकली आहे.

गुणांच्या तक्त्यावर मात्र माझी हरकत आहे. तो इंग्लंडच्या नमुन्यावरून उतरवलेला. तिथे १९६० च्या दशकात खूप लाइनी बंद पडल्या आणि मोकळ्या कटिंगा आता भूस्थळं, म्हणजे भूविज्ञानासाठी राखलेल्या जागा, म्हणून जपतात, ते ठीक. पण त्यात जीवाश्मांना ५ गुण. आमच्या काळ्या कातळात जीवाश्म कुठून येणार? (वरळीला लाव्हांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत खरे, पण ही वरळी नव्हे.) सगळ्यांनी तिथे शून्य लिहिलं आणि बेरीज पडली. ‘दुर्मीळता’लाही कमीच गुण, कारण असा कातळ पारसिकभर आहे. मला ते पटलं नाही. नवी मुंबईतल्या खाणींचे कडे इतके उंच, की हात लावायचं नाव नको. चालू लाइनीच्या कटिंगवर सिमेंटचा मुलामा नाहीतर जाळी. इमारतींमागचे डोंगर भिंतींनी झाकलेले. जमिनीवर उभं राहून लाव्हाच्या दोन थरांमधे बोट ठेवता येईल अशी जागा शहरात किती उरल्यात? तक्त्यात त्याचा रकाना नाही. मी ‘शेरा’मध्ये लिहिलं, डेब्रिजचंही लिहिलं.

पाचपैकी साडेतीन तारे. जाणार असाल तर पाण्याची मोठी बाटली आणि स्वतःचं दहापट भिंग न्या. पावसाळ्यात नकोच, तेव्हा घाणेरी सगळं झाकते आणि पट्ट्याबद्दल वर सांगितलंच आहे. भिंतीवर हातोडा मारू देत नाहीत, तेही बरोबर. खाली पडलेला लाल खडा न्यायची मुभा होती, मी एक टॉवेलात गुंडाळून आणला. कळव्याला पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला होता. टॉवेल पांढरा होता. दोनदा धुतला, डाग तसाच आहे, आणि हिला तो कसला हे अजून सांगितलेलं नाही.