आयकॉन दुरुस्त झाले, १७,८९७ रुपये ८२ पैसे गेले

मार्चअखेरची गडबड. एका सकाळी टॅली, एक्सेल, पीडीएफ, डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन कोऱ्या कागदासारखे पांढरे. नेटवर शोधलं, सगळ्यात वर हेल्पलाइनचा नंबर दिसला, लावला. वर बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेलं असतं, ते आता दिसतं.

हसू नका. वीस वर्षं लोकांचे हिशेब लिहितोय, ओटीपी कोणाला देत नाही. पण इथे फोन त्यांचा आला नव्हता, मीच केला होता. म्हणूनच गाफील राहिलो.

'सर, सर' करत त्याने रिमोटचं अ‍ॅप घ्यायला लावलं, म्हणजे माझा कॉम्प्युटर तो तिकडून चालवणार. टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर बंद केलं, एक फाइल उडवली, पुन्हा सुरू केलं. सात मिनिटांत आयकॉन परत! तोवर एक पैसा दिला नव्हता. तिथेच फोन ठेवायचा ना? नाही. मीच विचारलं, "असं झालं कशानं?"

मग काय, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली. "हॅकर घुसे हैं, सर." अहो, तसल्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात! ४,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,८९८.८२. चोराने जीएसटी लावला म्हणून मला तो खरा वाटला. अर्ध्या तासाने 'नेटवर्क सुरक्षे'चे आणखी ११,९९९.

बँकेत म्हणाले, "काका, पिन तुम्हीच टाकलात ना?" पोलीस ठाण्यात तीन खेपा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तात, दुसऱ्यांदा सर्व्हर बंद. तिसऱ्यांदा हवालदार म्हणतो, "आयकॉन तर आले ना? बिलावर जीएसटी पण आहे. मग फसवणूक कसली?" बाकावर बसलेले दोघं हसले. अर्जाची पोचही दिली नाही.

तुम्ही असे हेलपाटे घालत बसू नका. आधी नेट तोडा, मग लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. मी दुसऱ्या दिवशी लावला. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. ते रिमोटचं अ‍ॅपही लगेच काढा, माझ्याकडे ते चार दिवस तसंच होतं.

भाचा म्हणाला, आयकॉनची चित्रं विंडोज एका कॅश फाइलमध्ये साठवतं. ती बिघडली की आयकॉन पांढरे पडतात, उडवली की विंडोज नवी बनवतं. म्हणजे त्या हरामखोराने ते काम तरी चोख केलं होतं. तेच जास्त झोंबतं.