पोहांग, जॉनबुक की उल्सान: आशियात कोणाचा रेकॉर्ड भारी?

कोरियन फुटबॉल नव्याने बघायला लागलेला माणूस क्लब निवडताना या तीन नावांपाशी अडतो. सुवॉन आणि सोंगनाम या क्लबांकडेही आशियातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेची (आताची एएफसी चॅम्पियन्स लीग) दोन-दोन विजेतेपदं आहेत, पण गेल्या काही वर्षांत ते या शर्यतीतून बाहेर पडलेत.

नुसते करंडक मोजायचे तर पोहांग स्टीलर्स. 1997, 1998 आणि 2009 अशी तीन विजेतेपदं, कोरियात सर्वाधिक. पण पहिली दोन जुन्या आशियाई क्लब चॅम्पियनशिपची, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या आधीच्या रूपाची. तेव्हा स्पर्धेचा पसारा आजच्याइतका नव्हता, म्हणून मी त्यांना थोडं कमी वजन देतो. 2009 चं मात्र अस्सल. टोकियोत सौदीच्या अल-इत्तिहादला 2-1 ने हरवलं आणि पुढे क्लब वर्ल्ड कपमध्ये तिसरा क्रमांक मिळवला.

जॉनबुक ह्युंदाई मोटर्सची दोन विजेतेपदं, 2006 आणि 2016. यातलं 2006 चं माझ्या फार जवळचं. सेमी-फायनलची पहिली लढत घरच्या मैदानावर उल्सानकडून 2-3 अशी गमावली, मग उल्सानमध्ये जाऊन 4-1 ने जिंकली. असं पुनरागमन करणाऱ्या संघावर जीव जडतोच. पण एक डाग आहे. क्लबच्या स्काउटने रेफरींना लाच दिल्याचं उघड झालं आणि 2017 मध्ये गतविजेत्यांनाच स्पर्धेबाहेर ठेवलं गेलं. निवड करताना हे दुर्लक्षून चालणार नाही.

उल्सान दोनदा फायनलला गेला आणि दोन्ही वेळा जिंकला, 2012 आणि 2020. दोन्ही मोहिमा मिळून 22 सामने: 19 विजय, 3 बरोबरी, पराभव एकही नाही. 2020 ची मोहीम कोरोनामुळे पहिला सामना सोडता एकाच देशात, कतारमध्ये उरकली, फायनलही तिथल्याच अल-वक्रात झाली. इराणच्या पर्सेपोलिसने आधी गोल केला, मग उल्सानच्या ज्युनिअर नेग्राओने दोन गोल ठोकून सामना फिरवला. हाच पर्सेपोलिस चार महिन्यांनी एफसी गोवाविरुद्ध फातोर्ड्याला खेळला, त्यामुळे आपल्याकडच्या चाहत्यांनाही त्याची ताकद ठाऊक आहे. तरी मी 2012 चं विजेतेपद वरचढ मानेन. तेव्हा परक्या मैदानांवर जाऊन खेळावं लागलं आणि उल्सानने रियाधमध्ये सौदीच्या अल-हिलालला 4-0 ने लोळवलं! फायनलमध्ये अल-अहलीला 3-0.

तिघांची खरी तुलना झाली ती ऑक्टोबर 2021 मध्ये, जॉनजूच्या एकाच स्टेडियमवर. क्वार्टर-फायनलमध्ये उल्सानने यजमान जॉनबुकला जादा वेळेत 3-2 असं गारद केलं. तीनच दिवसांनी पोहांगने सामना संपत आलेला असताना 1-1 अशी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गतविजेत्या उल्सानला बाहेर काढलं. पोहांगचा खिसा त्या दोघांपेक्षा खूपच लहान, हे लक्षात घेतलं तर तो विजय आणखी मोठा वाटतो. फायनलमध्ये मात्र अल-हिलालने पहिल्याच मिनिटात गोल करून त्यांना 2-0 ने हरवलं.

माझं मत उल्सानला. कमी साधनांत मोठ्यांना घाम फोडणारा संघ आवडत असेल, तर बेधडक पोहांग निवडा. जॉनबुककडे वळायचं असेल, तर आधी 2006 ची ती सेमी-फायनल शोधून पाहा.