सोनाराचं पुस्तक आणि क्रेडिट कार्ड: दीड वर्षाचा हिशेब

गेल्या दीड वर्षात दोन वस्तू हप्त्यावर घेतल्या. ठुशी सोनाराच्या अकरा महिन्यांच्या योजनेतून, फ्रिज क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर. एकीत आधी पैसे, मग वस्तू. दुसरीत आधी वस्तू, मग पैसे. दोन्हीकडे थोडी ठेच लागली, म्हणून सविस्तर लिहितेय.

ठुशीपासून सुरू करते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्याचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं, भाव एकदम उतरला, आणि मला वाटलं हीच वेळ. ऑगस्टमध्ये २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला साधारण ६,४५० होता. आठ ग्रॅमची ठुशी, १२ टक्के मजुरी आणि वर ३ टक्के जीएसटी धरून साडेएकोणसाठ हजारांना बसत होती. योजना अशी: महिन्याला ५,०००, अकरा हप्ते माझे, बारावा सोनाराचा. म्हणजे बरोबर साठ हजार. काउंटरवरच्या मुलीने हप्त्यांची नोंद ठेवायच्या पुस्तकावर पहिला शिक्का मारला तेव्हा ठुशी जवळजवळ गळ्यात पडल्यासारखीच वाटली.

जुलै २०२५ मध्ये पुस्तक घेऊन गेले. भाव ९,१००. तीच आठ ग्रॅमची ठुशी काट्यावर ठेवली, मुलीने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला: ८३,९८२. माझ्या पुस्तकात साठ. वरचे चोवीस हजार द्या, नाहीतर हलकी ठुशी बघा. ठुशी हलकी केली की मणी विरळ दिसतात, आणि मग ती ठुशी राहत नाही. दिले.

चूक सोनाराची नाही, मी छापील अटी वाचल्या नव्हत्या. योजना दोन तऱ्हेच्या असतात. एकीत तुमचे रुपये जमा होतात आणि सोनं शेवटच्या दिवसाच्या भावाने मिळतं. दुसरीत प्रत्येक हप्त्याला त्या दिवसाच्या भावाने ग्रॅम जमा होतात. माझी पहिली, जाऊबाईंची दुसरी. त्याच ऑगस्टपासून, तेवढ्याच हप्त्याची, पण दुसऱ्या पेढीत. त्यांना बारावा हप्ता कुणी दिला नाही, तरी पुस्तकात सव्वासात ग्रॅमच्या थोडं वर जमलं. माझ्या साठ हजारांचे, फुकटचे पाच हजार धरूनही, त्या दिवशी साडेसहाच ग्रॅम होत होते. भाव पडला असता तर मी हसले असते, हेही खरं. पण लग्नकार्यासाठी सोनं जमवणाऱ्याला भाव वाढण्याचीच धास्ती असते ना?

आईच्या वेळी हे वेगळं होतं. साडी आवडली की दुकानदार तिच्यावर नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचा, आई दोन-तीन महिन्यांत पैसे फेडायची, आणि भाव चिठ्ठी लावली त्या दिवसाचाच. भाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणाला, अगं याला इकडे लेअवे म्हणतात. वॉलमार्टनेही २०२१ मध्ये ते बंद करून आधी घ्या-मग फेडाची सोय आणली. सोनाराची योजना वरून तशीच दिसते, पण तिच्यात वस्तू बाजूला ठेवलेली नसते आणि भावही धरून ठेवलेला नसतो. बाजूला असतात ते फक्त आपले पैसे, आणि तेही सोनाराकडे.

ते तिथे किती सुरक्षित, हा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता. हप्ते अकराच का, हे नंतर कळलं: कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही तर ती ठेव ठरते, आणि ठेवी घ्यायचे नियम कडक आहेत. बँकेतल्या ठेवीसारखा विमा या पैशांना नाही. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर डोंबिवली-ठाण्याकडे एका मोठ्या पेढीची दुकानं बंद झाली, तेव्हा पुस्तकं हातात घेऊन लोक शटरसमोर उभे होते. पेढी जुनी आहे एवढ्यावर विसंबून मी महिन्याला पाच हजार देत होते.

आता फ्रिज. एप्रिल २०२५, जुन्याने भर उन्हाळ्यात मान टाकली. ३६,००० चा फ्रिज, नऊ महिने, ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे म्हणायला बिनव्याजी हप्ते. संध्याकाळी घरात बर्फ! हे सुख पुस्तकात नाही. खर्च मात्र होता: प्रक्रिया शुल्क १९९ अधिक जीएसटी, आणि व्याज दुकानदाराने सवलत म्हणून उचललं तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी दर बिलात माझ्याच माथी. मिळून साडेसहाशेच्या आसपास. शिवाय रोख दिले असते तर दुकानदार पंधराशे कमी करणार होता; ते विचारलं तेव्हा ईएमआयचा मेसेज येऊन गेला होता.

इथपर्यंत ठीक. सप्टेंबरात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि १८,४०० च्या बिलावर मी ‘किमान देय’ तेवढं भरलं. विलंब शुल्क लागलं नाही, म्हणून खूश. पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून जवळपास हजार रुपये. बाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते, आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. नव्याने घेतलेल्या किराण्यालाही. महिन्याला साडेतीन टक्के. फ्रिजच्या नऊ हप्त्यांना जेवढा वरखर्च पडला त्याच्या दीडपट त्या एका महिन्यात गेला.

ठुशीच्या वरच्या चोवीस हजारांसाठीही कार्डच दिलं होतं, म्हटलं याचेही हप्ते पाडू. पाडता आले नाहीत. दागिन्यांच्या खरेदीचा ईएमआय होत नाही, बँक रिझर्व्ह बँकेच्या नियमाकडे बोट दाखवते. पुढच्या बिलात पूर्ण रक्कम भरावी लागली.

ह्यांनी पुन्हा योजनेच्या नादी लागू नकोस म्हणून सांगितलं. पण माझं ऐकाल तर, ते पुस्तक नसतं तर ते पाच हजार महिन्याच्या शेवटी कुठे गेले हे कळलंही नसतं. पुस्तकामुळेच ठुशी गळ्यात आली. फ्रिजसारखी, थांबता न येणारी वस्तू मी कार्डावरच घेईन, फक्त आता पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवलीय. आणि मुलीसाठी या महिन्यात नवं पुस्तक उघडलं. सही करण्याआधी पहिलं पान उलटून पाहिलं: रुपयांच्या रकान्याशेजारी ग्रॅमचा रकाना होता.